भुऱ्याच्या शस्त्रक्रियेचा जमाखर्च

कोकणात आपल्या पूर्वजांना ‘शनिवार तेली’ हे नाव पडले, ते शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून. ही हकीकत आपण मुलांना अभिमानाने सांगतो; परंतु घाणा बंद म्हणजे घाण्याचा बैलही त्या दिवशी मोकळा, एवढे सांगावयाचे बहुधा राहून जाते. दहा आज्ञांतील शाब्बाथच्या आज्ञेत घरधन्याबरोबर त्याच्या जनावरांच्या विसाव्याचाही स्पष्ट उल्लेख आहे. मुक्या प्राण्याला वेदना होऊ न देणे, म्हणजे हिब्रूत ‘त्सआर बआले हायीम’, ही आपल्याकडे कोणा हळव्या माणसाची हौस नसून धर्मशास्त्राने सांगितलेले कर्तव्य आहे. इस्राएलमध्ये १९९४ च्या प्राणिसंरक्षण कायद्याने त्याला सरकारी आधारही मिळाला. प्रश्न उभा राहतो तो खर्चाचा.

लोद येथे आमच्या इमारतीत तळमजल्यावर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक आजी एकट्या राहतात. सहा वर्षांपूर्वी त्यांनी कचऱ्याच्या पेटीजवळून एक भुरे पिल्लू उचलून आणले. त्याचे नाव भुऱ्या. आजींची मुले दूरच्या गावी, फोन शुक्रवारी दुपारी. उरलेला आठवडा बोलावयाला हा बोकाच. २०२५ च्या हिवाळ्यात त्याची लघवी तीनदा तुंबली.

हा विकार मांजर पाळणाऱ्या प्रत्येक घराने समजून घ्यावा असा आहे. नर मांजराची मूत्रनलिका टोकाकडे अतिशय अरुंद असते. लघवीतील खड्यासारखे बारीक कण व चिकट द्रव्य मिळून तिच्यात बूच बसते. बोका वाळूच्या पेटीत पुन्हा पुन्हा जाऊन बसतो, कण्हतो, पण थेंब येत नाही. घरच्यांना वाटते, बद्धकोष्ठ झाले असेल, आणि एरंडेलाचा विचार सुरू होतो. तिकडे रक्तात पोटॅशियम वाढत जाऊन हृदयाची गती बिघडते, आणि एकदोन दिवसांत प्राणी दगावतो. तेव्हा रात्र असो वा सणाचा दिवस, असा बोका ताबडतोब पशुवैद्याकडे न्यावा.

दोन वेळा नळी घालून भुऱ्याला मोकळे करण्यात आले. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी आजींपुढे तीन मार्ग ठेवले: पुन्हा नळी घालून वाट पाहणे, नलिकेचा अरुंद भाग काढून मागच्या रुंद भागाला नवे द्वार करण्याची शस्त्रक्रिया, किंवा इंजेक्शन देऊन त्याला शांतपणे जाऊ देणे. शस्त्रक्रियेचा अंदाज ७,२०० शेकेल निघाला. माणसांसाठी कुपत होलीम आहे, जनावरांसाठी नाही. उलट त्यांच्या बिलावर १८ टक्के ‘मआम’ लागतो. मुंबईहून आलेल्या जुन्या मंडळींना परळचे बैलघोडा इस्पितळ आठवले. त्या आठवणीने बिल मात्र कमी होत नव्हते.

आजींनी पेन्शनमधून बाजूला ठेवलेले १,५०० शेकेल काढून माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, “बाई, बाकीचे जमत नसेल तर तिसरा मार्ग घेऊ. पण त्याला कळा नकोत.”

मग इमारतीत बोलणी सुरू झाली. आमच्या शेजारचे एक काका स्पष्टवक्ते. “युद्धाने घरे उजाडली, माणसे वर्गणी मागताहेत, आणि आपण बोक्यासाठी पेटी फिरवायची?” असे त्यांनी विचारले. त्यांचा आक्षेप हसून टाळण्याजोगा नव्हता. आपल्या शास्त्रात दानाचा क्रम लावून दिलेला आहे आणि त्यात आपल्या गावच्या गरिबाला अग्रमान आहे. म्हणून सिनेगॉगच्या त्सदाकाच्या पेटीतून एक शेकेलही घ्यावयाचा नाही, असे प्रथमच ठरवले. जी वर्गणी माणसांना जाते तिला हात न लावता, ज्याला वेगळे द्यावेसे वाटेल त्याने द्यावे. त्याच बैठकीत मी तालमूदातील रब्बी यहूदा हन्नासी यांची कथा सांगितली. कसायाकडे चाललेले वासरू त्यांच्या वस्त्रात तोंड लपवू लागले, तेव्हा ‘जा, तुझा जन्म याचसाठी आहे’ असे ते बोलले. आणि त्या कठोर शब्दांमुळे त्यांच्यामागे वर्षानुवर्षे दुखणे लागले. पुढे त्यांनी घरातील क्षुद्र प्राण्याच्या पिलांवर दया केली, तेव्हा ते दुखणे सुटले. काका ऐकून घेऊन निघून गेले. त्यांचे मत बदलले असे मी म्हणणार नाही.

पुरीम जवळ आला होता. चार घरांतल्या बायकांनी डाळ, गूळ, पीठ आपापल्या घरचे घालून दोन दिवस पुरण वाटले आणि २१० पुरणपोळ्या केल्या. दर पोळीला १० शेकेल. विकत घेणाऱ्यांत मोरोक्कन शेजारणी निम्म्या होत्या. पोळीत डाळ आहे हे त्यांना खरे वाटेना. त्यातून २,१०० आले. शेजारी, नातेवाईक व माझे दोन जुने विद्यार्थी यांनी फोनवरून २,३५० पाठवले. उरलेल्या १,२५० चे डॉक्टरांनी पाच हप्ते करून दिले.

कोणी अशी वर्गणी करणार असेल तर अनुभवाच्या दोन गोष्टी सांगते. अंदाज लेखी घ्यावा, आणि रक्ततपासणी, भूल, मुक्काम, नंतरची औषधे त्यात धरली आहेत की नाही ते विचारावे. कारण शस्त्रक्रियेच्या आकड्यावर ही मंडळी मागाहून चढतात. पैसे दवाखान्यातच भरावेत व पावती सर्वांना दिसेल अशी ठेवावी. आमच्या पावत्या जिन्याजवळच्या फलकावर लावल्या होत्या. सर्वांत बारकाईने त्या काकांनी वाचल्या, आणि एका पावतीवर तारीख नाही हे दाखवून दिले.

शस्त्रक्रिया पुरीमनंतरच्या आठवड्यात झाली. टाके निघेपर्यंत भुऱ्या गळ्यात शंकूसारखी पट्टी घालून भिंतींवर आपटत हिंडला. या शस्त्रक्रियेने मूळ विकार जात नाही, लघवीत जंतूंचा संसर्गही होऊ शकतो; म्हणून भरपूर पाणी व डॉक्टरांनी नेमलेले ओले अन्न एवढेच त्याचे पथ्य आहे. शेवटचा हप्ता ऑगस्टमध्ये फिटला. आजी बांगडा तळतात तेव्हा स्वयंपाकघराचे दार लावून घेतात, आणि तो दाराबाहेर बसून सबंध जिन्याला ऐकू जाईल असा ओरडतो.