न बांधलेल्या भिंतींच्या मुलखात

दिवाळीच्या सुटीत एक बस ठरवायची आणि सगळ्या गोतावळ्याने मिळून कुठेतरी जायचे, हा आमच्या घरचा रिवाज. यंदा मुलांचे मत महाबळेश्वराला, वहिनींचे गोव्याला. आई एवढेच म्हणाली, "मला माझी भिंत दाखवून आणा." मग कोण काय बोलणार!

आईचे माहेर धुळ्याच्या पश्चिमेला, साक्रीच्या बाजूचे एक खेडे. शेतामागची काळी भिंत पांडवांनी एका रात्रीत बांधली, असे तिला लहानपणी सांगत. ही कथा आम्ही इतक्यांदा ऐकली होती, की भिंत खरोखरच असेल असे आम्हांला वाटेनासे झाले होते!

नाशिकहून पहाटे बस निघाली. तेवीस माणसे, फराळाचे चार डबे आणि एक तंबोऱ्याएवढी पाण्याची सुरई. मालेगाव मागे पडले, लळिंगचा किल्ला दिसला आणि धुळे आले. विनोबांनी 1932 साली गीतेवरची प्रवचने दिली ती इथल्याच तुरुंगात; ती उतरून घेतली साने गुरुजींनी. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावाचे संशोधन मंडळही इथलेच. तिथे थोरले रमले, मुलांनी मात्र शेवभाजीची चौकशी केली.

दुसऱ्या दिवशी साक्रीचा रस्ता धरला. तासाभराने ड्रायव्हरने विचारले, "साहेब, इकडे जुनी रेल्वे होती का हो? हा भराव कसला?" सपाट रानातून एक काळी, अरुंद टेकडी सरळ रेघेत पूर्वेकडून पश्चिमेकडे गेली होती. पुढे दुसरी, मग तिसरी. आई खिडकीशी सरसावून बसली.

भूशास्त्र शिकणारा भाचा बरोबर होता, त्याने उलगडा केला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, तेव्हा जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या. त्यांत तप्त रस चढला आणि आतच थिजला. पुढे भोवतालचा खडक झिजून गेला, हा टणक दगड उभा राहिला. शास्त्रज्ञ याला डाइक म्हणतात. धुळे आणि नंदुरबारच्या टापूत असे दोनशेहून अधिक आहेत. सर्वांत लांब ऐंशी किलोमीटरच्या घरात जातो. जवळ जाऊन पाहिले तर दगडाचे कोनेदार खांब आडवे, एकावर एक, जणू सरपण रचून ठेवले आहे! रस दोन्ही बाजूंच्या गार खडकापासून आत थिजत गेला, म्हणून खांब आडवे. पांडवांवर संशय यावा असेच ते काम आहे.

गावात शिरलो. एका म्हाताऱ्याने आईला ओळखले. "आक्का, तू उनी!" दोघांचे डोळे भरून आले. आईने लगेच भिंतीचे विचारले. तो क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, "तठे आते काय शे?"

शेतामागे भिंतीच्या जागी खणलेला खड्डा होता. दगड फोडून खडी झाली होती. पलीकडे पन्नासेक पावलांचा तुकडा तेवढा शिल्लक. म्हाताऱ्याने विहीर दाखवली. पूर्वी वैशाखातही तिला पाणी असे, आता होळीलाच तळ दिसतो, असे तो म्हणाला. भाच्याने सांगितले की असा उभा दगड जमिनीखालच्या पाण्याला पुष्कळदा बांधासारखा अडवतो. भिंतीच्या वरच्या अंगाला विहीर खणायची, हे म्हाताऱ्याच्या वाडवडिलांनी पुस्तकावाचून ओळखले होते.

परतताना बसमध्ये कुणी बोलेना. ज्या गुळगुळीत रस्त्याने आम्ही आलो होतो, त्याच्या खाली कुठली खडी आहे, असे धाकट्या पुतणीने विचारले. उत्तर कुणीच दिले नाही.

पुढचे दोन दिवस अमळनेर, धरणगाव, जळगाव असे गेले. अमळनेरला साने गुरुजींची शाळा, धरणगाव बालकवींचे जन्मगाव, जळगावजवळ बहिणाबाईंचे असोदे. वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी यांनी वहिनींना गोवा विसरायला लावला.

वाचकांपैकी कुणाला जायचे असेल तर हिवाळ्यात जावे. खानदेशचे ऊन पाहुण्यांची भीड धरत नाही. धुळ्याला मुक्काम करून सकाळी साक्रीच्या रस्त्याला लागावे. तिरप्या उन्हात भिंती ठळक दिसतात. मुलांना मात्र त्या आताच दाखवाव्यात.

आईने त्या उरलेल्या तुकड्याला हात लावून पाहिला होता. घरी आल्यावर मी विचारले, "वाईट वाटलं का गं?" ती म्हणाली, "भिंत होती, हे तुम्हांला पटलं ना? मग झालं." आणि थोड्या वेळाने, "पण विहिरीचं वाईट वाटलं रे."