सणाची वाट भिवंडीवरून जाते

लेखमाला : सण आणि सृष्टी
लेखांक सहावा

गेल्या दोन लेखांकांत आपण विसर्जनाच्या काठावर उभे होतो. शाडू की प्लास्टर ऑफ पॅरिस, कृत्रिम तलाव का हवेत, निर्माल्याचं खत कसं होतं, हे बोलून झालं. पण सणाचा कचरा विसर्जनाच्या दिवशी फक्त डोळ्यांना दिसू लागतो. तो तयार होतो त्याच्या कितीतरी आधी, आपण वस्तू मागवतो तेव्हा. कचऱ्याची ही सुरुवात पाहायची असेल तर मुंबई-ठाण्याच्या वाचकांनी एकदा भिवंडीकडे नजर वळवावी.

भिवंडी म्हटलं की आपल्याला यंत्रमाग आठवतात, आणि ते बरोबरच आहे. १८५७ नंतर उत्तर प्रदेशातून आलेल्या विणकरांनी इथे हातमाग मांडले, पुढे विजेवरचे माग आले आणि गल्लीबोळांतून लूमचा खडखडाट सुरू झाला. गेल्या काही दशकांत मात्र शहराला लागून दुसरंच एक गाव वसलं आहे, गोदामांचं. मानकोली, दापोडे, राहनाळ, वळ, पूर्णा, काल्हेर, कशेळी, पुढे वडपे आणि पडघा. जिथे भातशेती होती तिथे आज पत्र्याच्या छपरांखाली माल रचलेला आहे. याला जकातही कारण ठरली. मुंबईच्या हद्दीत माल नेला की जकात भरावी लागे. मग हद्दीबाहेर ग्रामपंचायतीच्या जमिनीवर माल ठेवायचा आणि लागेल तसा शहरात न्यायचा, हा व्यापाऱ्यांचा हिशेब होता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली, तरी गोदामं राहिली. उलट वाढली, कारण आता राज्याराज्यांत छोटी गोदामं ठेवण्यापेक्षा एकाच मोठ्या गोदामातून दूरवर माल पाठवणं सोयीचं झालं. नाशिकचा महामार्ग इथूनच जातो, आणि समृद्धी महामार्गाचं मुंबईकडचं टोकही भिवंडी तालुक्यातल्या आमण्यालाच आहे. ऑनलाइन खरेदीने त्यावर कळस चढवला.

नवरात्रापासून दिवाळीपर्यंतच्या दिवसांना इथे 'सीझन' म्हणतात. सवलतींचे सेल सुरू होतात, हंगामी मुलामुलींची भरती होते, पाळ्या वाढतात. रात्री मानकोली नाक्यावर आणि अंजूरफाट्याच्या रस्त्यावर कंटेनर, आयशर आणि छोटा हत्ती यांच्या रांगा लागतात. मुंबई, ठाणे, कल्याण आणि नवी मुंबईच्या घराघरांत पोचणाऱ्या दिवाळीच्या पार्सलांपैकी फार मोठा हिस्सा या रस्त्यांवरून गेलेला असतो. डिझेलचा धूर मात्र राहनाळ-वळच्या लोकांच्या वाट्याला येतो.

एक पार्सल जवळून पाहू. मागवलेल्या आहेत बारा सजवलेल्या पणत्या. बाहेर पुठ्ठ्याचं खोकं, वस्तूच्या मानाने दुप्पट मोठं. त्याच्या शिवणींवर प्लास्टिकची रुंद चिकटपट्टी. खोकं उघडलं की रिकामी जागा भरायला हवेने फुगवलेल्या पिशव्यांची माळ. तिच्याखाली रंगीत डबा, त्याला पारदर्शक खिडकी. डब्यात पातळ प्लास्टिकचा साचा, साच्यातली प्रत्येक पणती बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, आणि कोपऱ्यात सिलिका जेलची पुडी. शेवटी हाताला लागते ती पणती मातीची, वर चमकी आणि कृत्रिम रंग, आत पेट्रोलियमपासून बनलेलं मेण. ती धारावीच्या कुंभारवाड्यात घडलेली असू शकते, तिथून भिवंडीला येऊन पुन्हा शीवच्या एखाद्या घरात गेलेली असू शकते. तीच साधी पणती त्या घराच्या कोपऱ्यावर हातगाडीवर मिळते, वर्तमानपत्राच्या कागदात बांधून.

या ढिगाचं पुढे काय होतं हे समजून घ्यायला भंगारवाल्यासारखा शिक्षक नाही. तो पुठ्ठा घेतो. पुठ्ठ्याचा लगदा करून पुन्हा पुठ्ठा करता येतो, फक्त दर फेरीत कागदाचे तंतू आखूड होत जातात आणि पाच-सात फेऱ्यांनंतर ते कामातून जातात. ओला झालेला, तेलकट झालेला पुठ्ठा तो बाजूला सारतो. चिकटपट्टीने मढवलेला घेतला तर भाव पाडून घेतो. पातळ पन्नीला तो हात लावत नाही, कारण पोतंभर गोळा केली तरी वजन भरत नाही, आणि धूळ व कागदी लेबलं चिकटलेली पन्नी वितळवणाऱ्यालाही नको असते. थर्माकोलचंही तसंच. त्यात जवळजवळ सगळी हवाच असते, म्हणून टेम्पोभर थर्माकोल वाहून नेण्याचा खर्च त्याच्या किमतीपेक्षा जास्त पडतो. जे भंगारवाल्याने नाकारलं ते घंटागाडीत जातं, तिथून कचराभूमीवर. भिवंडीचा कचरा चाविंद्र्याला जातो. उघड्यावर जळणाऱ्या पन्नीचा आणि थर्माकोलचा काळा धूर किती लांब पसरतो हे तिथल्या वस्त्यांना कुणी सांगायला नको.

कायदा याबाबतीत आपल्या सवयींच्या बराच पुढे आहे. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आणली. त्या वर्षी गणपतीच्या मखरापुरती सवलत मिळावी म्हणून थर्माकोलचे व्यापारी उच्च न्यायालयात गेले होते. जुलैमध्ये न्यायालयाने ती नाकारली. पुढे १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झालेल्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बंदीत सजावटीचं थर्माकोल नावानिशी आहे, १०० मायक्रॉनपेक्षा पातळ बॅनर आहेत, आणि मिठाईच्या खोक्यावर गुंडाळतात ती चकचकीत पारदर्शक फिल्मसुद्धा आहे. शेवटची गोष्ट अनेकांना ठाऊकच नसते. दिवाळीत मिठाई घेताना 'वरची पन्नी नको' एवढं म्हणायला आपल्याला कायद्याचाच आधार आहे. दुकानदार ऐकतो, असा माझा अनुभव आहे.

आता घराकडे येऊ. ऑनलाइन खरेदी सोडून द्या, असा उपदेश मला करायचा नाही. म्हाताऱ्या माणसांना, दूर राहणाऱ्या नातेवाइकांना तिचा खरा उपयोग आहे. पण सणाच्या खरेदीत दोन सवयी पटकन बदलता येतात. एक, सुट्या वस्तू रोज एक-एक न मागवता यादी करून एकदम मागवणं, आणि 'उद्याच हवं'चा आग्रह सोडणं. घाई असली की गाडी अर्धी रिकामी निघते. सवड दिली तर त्या भागातला माल एकत्र भरून जातो. दुसरी सवय कपड्यांची. तीन मापांचे तीन कुर्ते मागवायचे, एक ठेवायचा आणि दोन परत पाठवायचे, हे आज सर्रास चालतं. परत गेलेला कुर्ता फुकट परत जात नाही. तो तेवढाच रस्ता उलटा कापून गोदामात येतो, तपासला जातो, पुन्हा नव्या पिशवीत भरला जातो. मापं घेऊन एकच मागवणं किंवा शिंप्याकडे जाणं, यात कुणाच्याही आनंदाला बाध येत नाही.

कपड्यांचा विषय निघाला की भिवंडीत एक अडचणीचा प्रश्न समोर येतो आणि तो टाळणं मला प्रामाणिक वाटत नाही. सणाला कपडे कमी घ्या म्हणायचं, तर इथल्या मागांनी काय करायचं? आधीच मंदी, विजेचा खर्च आणि सुताचे चढे भाव यांनी हा धंदा मेटाकुटीला आला आहे. दिवाळी आणि ईदची मागणी हाच अनेक कारखान्यांचा आधार. लूमवर उभं राहून पाळी करणाऱ्या माणसाला आपल्या साधेपणाचा भुर्दंड पडता कामा नये.

यावर माझं उत्तर असं आहे की प्रश्न मीटरचा कमी आणि धाग्याचा जास्त आहे. आज भिवंडीत विणल्या जाणाऱ्या ग्रे कापडात कृत्रिम धाग्याचा वाटा मोठा आहे. पॉलिएस्टर म्हणजे पाण्याच्या बाटलीचंच प्लास्टिक, धाग्याच्या रूपात. ते स्वस्त पडतं, चमकतं, एका सणापुरतं शोभतं, आणि दर धुण्यात त्याचे बारीक तंतू सुटून गटारातून नदीत जातात. इथली नदी कामवारी. सायझिंग आणि डाईंगचं पाणी, शहराचं सांडपाणी हे सगळं पोटात घेऊन ती पुढे खाडीला मिळते. एका सणापुरते दोन पॉलिएस्टरचे जोड घेण्याऐवजी चार वर्षं टिकेल असा सुती एक घेतला, तर मागावर पोट असणाऱ्याचं नुकसान व्हायलाच हवं असं नाही. त्याला चांगल्या कापडाचे चांगले दर मिळायला हवेत, आणि ते गिऱ्हाइकाने मागितल्याशिवाय मिळणार नाहीत.

शिवाय भिवंडीच्या हाताशी एक मोठी बाजारपेठ आहे, तिच्याकडे अजून कुणी नीट पाहिलेलं नाही. ती म्हणजे सणाची सजावट. मखराला, मंडपाला, कमानीला, दारावरच्या तोरणाला कापडच लागतं, आणि ते इथे घराशेजारी विणलं जातं. साध्या मांजरपाटाचं मखर करून पाहा. बांबूचा चौकोनी सांगाडा, मागे मांजरपाटाचा ताणून बसवलेला पडदा, पुढे दोन्ही बाजूंना चुण्या घालून सोडलेल्या पट्ट्या. पडद्यावर हळद किंवा गेरूने नक्षी काढता येते. नको असेल तर नुसता पांढरट पोतही मूर्तीमागे शांत दिसतो. सण संपला की सांगाडा सोडवायचा, पडदा धुऊन घडी घालायचा, बांबू माळ्यावर टाकायचे. पुढच्या वर्षी तोच पडदा, रंग दुसरा. लूमच्या कारखान्यांतून आणि शिवणकामातून निघणाऱ्या चिंध्यांच्या वेण्या घालून तोरणं होतात, आणि ज्यांच्या आईच्या हाताखाली गोधडी शिवली गेली आहे त्यांना हे शिकवावं लागणार नाही. आज या चिंध्यांपैकी किती तरी भट्टीत जळतात. त्यांना कापडाच्या पिशव्यांचं, तोरणांचं गिऱ्हाईक मिळालं तर तालुक्यातल्या महिला बचत गटांना सणाआधी दोन महिन्यांचं काम मिळेल.

इथे एक इशारा द्यायला हवा. निसर्गातून आलेली प्रत्येक वस्तू निसर्गाला पोषकच असते, असं धरून चालू नये. दसऱ्याला आपट्याच्या फांद्याच्या फांद्या तोडून बाजारात येतात. आपटा पुरेना म्हणून कांचनाची पानंही त्यात मिसळली जातात. शहापूर-वाड्याकडून पानं-फुलं घेऊन येणाऱ्या आदिवासी बायांना चार पैसे मिळतात, ते मिळायलाच हवेत. म्हणून त्यांच्याकडून झेंडूची माळ, भाताच्या लोंब्या, आंब्याचे टाळे भरपूर घ्यावेत आणि घासाघीस करू नये. आपट्याचं मात्र घरटी एक पान पुरे. शाडूचंही असंच आहे. ती माती लांबून, बहुतांशी गुजरातेतून येते आणि तलावात पडली की गाळ वाढवतेच. म्हणून मूर्ती लहान हवी, घरच्या बादलीत विसर्जित व्हायला हवी, आणि तीच माती जपून पुन्हा वापरात यायला हवी. भिवंडीत याला जास्तच अर्थ आहे, कारण जुन्या शहराचा काही भाग वऱ्हाळदेवी तलावाचं पाणी पितो.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. एकट्या घराने ठरवून फार काही बदलत नाही, गल्लीने ठरवलं तर बदलतं. ते कसं ठरवायचं, याचा धडा भिवंडीने एकदा साऱ्या देशाला दिलेला आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी हे शहर होरपळलं होतं. १९८८ नंतर पोलिस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. प्रत्येक वस्तीत दोन्ही समाजांची साधी माणसं आणि तिथला पोलिस नेमाने एकत्र बसू लागले. बोलणं व्हायचं ते नळाचं, गटाराचं, शेजाऱ्याच्या भांडणाचं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली.

त्याच धर्तीच्या बैठका सणांच्या आधी व्हाव्यात, असं मला मनापासून वाटतं. गणेशोत्सवाच्या पताका आणि ईद-ए-मिलादच्या झालरी बहुतेकदा एकाच बाजारातून येतात, एकाच प्लास्टिकच्या असतात आणि एकाच नाल्यात अडकतात. महाप्रसादाचे आणि इफ्तारचे पेलेही तेच. मग एका वस्तीने मिळून सुती कापडाच्या पताका एकदाच शिवून घेतल्या, आळीपाळीने लावल्या, स्टीलचे ताट-पेले विकत घेऊन सगळ्यांच्या कार्यक्रमांना दिले, तर? बकरी ईदच्या वेळी टाकाऊ भाग उचलायची सोय आणि विसर्जनाच्या वेळी निर्माल्याची सोय, दोन्हींसाठी महापालिकेकडे एकाच बैठकीतून, एकाच कागदावर मागणी गेली, तर ती टाळणं कठीण जाईल. हे सगळं सणाच्या आठवड्यात जमत नाही. मंडपवाल्याला इसारा दिला, बॅनर छापायला टाकला की हातात काही उरत नाही. मंडळांचा खर्चाचा अंदाज बसतो तो उन्हाळ्यात, तेव्हाच ही बैठक व्हायला हवी. कापड विणायला आणि शिवायलाही तेवढा वेळ लागतोच.

पुढच्या आठवड्यात फटाक्यांविषयी : नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेले 'हरित फटाके' म्हणजे नेमकं काय, त्यांच्यामुळे धूर किती कमी होतो, आणि किती तसाच राहतो.