एका वाटाण्याचा सिनेमा

कुळगावच्या आमच्या स्वयंपाकघरात, खिडकीतल्या कुंडीत लेकीने वाटाणा पेरला आणि समोर मोबाईल ठेवला. "आई, मी शाळेत असताना तासातासाला फोटो तू काढायचेस हं!" मी वैतागले. कुकर बघू की कोंब?

मग वाचलं, दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली हेच केलं होतं. महिनाभराहून अधिक काळ वाटाण्याचं रोप टिपून जेमतेम मिनिटभराची ‘अंकुराची वाढ’ बनवली. ती दाखवून कर्ज मिळालं आणि १९१३मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला. पुढे ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी चक्क काड्या नाचवल्या. फिल्मला भोकं पाडणं, रसायनं कालवणं, साऱ्या मंडळींचा स्वयंपाक... हे सगळं सरस्वतीबाई करत. किती जणींना ठाऊक आहे?

फोन हलू नये म्हणून डब्याला चिकटपट्टीने बांधला. दिवसाला बारा फोटो, सेकंदाला बारा चित्रं. म्हणजे एका दिवसाचा एक सेकंद! चौथ्या दिवशी ओटा पुसताना माझ्याच हाताने कुंडी सरकली. फिल्ममध्ये रोप एकदम दचकतं. लेकीने तो तुकडा तसाच ठेवला. शेवटी अक्षरं आली, ‘छायाचित्रण : आई’.

सासूबाईंनी ती मोठ्याने वाचली. दोनदा.