सायकलीचा नवा ब्रेक मुरविण्याची रीति

पुसद शहर पूस नदीच्या कांठीं, डोंगरांच्या कोंदणांत वसलेलें आहे. येथून कोणत्याही दिशेस दूर जावयाचें म्हटलें म्हणजे कोठें ना कोठें चढ लागतोच. आणि जातांना ज्यानें घाम काढला तोच चढ परततांना उतार होऊन पुढें उभा राहतो. वाशीमच्या वाटेवरील खंडाळ्याचा घाट तर सर्वांच्या परिचयाचा आहे. अशा गांवीं सायकल चालविणारास पायांतील बळाइतकाच हातांतील ब्रेकचाही भरंवसा असावा लागतो.

पूर्वींच्या काळ्या, भारदस्त सायकलीला लोखंडी सळ्यांचा ब्रेक असे. दांडी दाबली कीं सळ्या ओढल्या जाऊन रबराचे गुटके रिमवर टेकत. पावसाळ्यांत ते घसरत, उन्हाळ्यांत कुरकुरत. परंतु त्यांत न समजण्यासारखें कांहींच नव्हतें. आतां बाजारांत येणाऱ्या कित्येक गिअरच्या सायकलींत रिमला कोणी हात लावीत नाहीं. चाकाच्या मध्यभागीं पोलादाची पातळ तबकडी बसविलेली असते, आणि कॅलिपरमधील दोन पॅड तिला दोहों बाजूंनीं चिमटींत धरतात. हाच डिस्क-ब्रेक. तो मोटारसायकलीला असतो, म्हणून मुलांना त्याचें मोठें अप्रूप. आणि दुकानदारानें "ब्रेक डिस्कचा आहे" एवढें सांगितलें कीं बापाचेंही समाधान होतें.

मग घरीं आणलेली सायकल पहिल्याच दिवशीं निराशा करते. दांडी हँडलापर्यंत दाबली तरी सायकल सावकाश, जणूं उपकार केल्यासारखी थांबते. घरांतील जुनी सायकल याहून लवकर थांबत होती, असें आजोबा बोलून दाखवितात. कोणी वायर ताणून घेतो, कोणी दुकानदाराशीं भांडावयास जातो, आणि कोणी फार हुशार असला तर तबकडी करकरते म्हणून तिच्यावर यंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडतो. या तिसऱ्या उपायासारखा घातक उपाय दुसरा नाहीं. त्याचा विचार पुढें येईलच. वस्तुतः सायकलींत बहुधा कांहीं बिघडलेलें नसतें. तिचा ब्रेक अजून मुरलेला नसतो, इतकेंच.

ब्रेक मुरतो म्हणजे काय होतें, हें स्वयंपाकघरांतील बिडाच्या तव्यावरून चांगलें समजेल. नव्या तव्यावर पहिलीं धिरडीं चिकटतात, फाटतात. पुढें उष्णतेनें त्याच्यावर एक पातळ पूट चढतें आणि मग तोच तवा घरांत सर्वांत लाडका होतो. तबकडीचेंही तसेंच आहे. नवी तबकडी चकचकीत, कोरी असते व पॅडचा पृष्ठभागही कोरा असतो. दोन्ही तापून एकमेकांवर घासले गेले म्हणजे पॅडच्या द्रव्याचा अत्यंत पातळ थर तबकडीवर बसतो. त्यानंतर पॅड नुसत्या पोलादावर घासत नाहीं, तर आपल्याच जातीच्या द्रव्यावर घासतो. तीं दोन द्रव्यें क्षणोक्षणीं एकमेकांस चिकटतात व सुटतात, आणि या चिकटण्या-सुटण्यांतून खरें घर्षण उत्पन्न होतें. शिवाय पॅडवरील सूक्ष्म उंचवटे झिजून त्याचें सर्व अंग तबकडीस टेकूं लागतें. मात्र तव्याचा दाखला येथेंच संपतो. तव्याला तेल लागतें. तबकडीला तेलाचा वासही चालत नाहीं.

हा थर इतका महत्त्वाचा कां, हें थोड्या गणितानें कळेल. तबकडीचा व्यास पुष्कळदां १६० मिलिमीटर असतो. म्हणजे पॅडची पकड आंसापासून जेमतेम सातसाडेसात सेंटिमीटरांवर बसते. उलट २६ इंची चाकाचा टायर रस्त्यास टेकतो तो आंसापासून सुमारें ३३ सेंटिमीटरांवर. तेव्हां रस्त्यावर जितका रोध हवा, त्याच्या सुमारें साडेचार पट रोध तबकडीवर उत्पन्न व्हावा लागतो. रिमवरच्या गुटक्यांना ही अडचण नव्हती. ते चाकाच्या परिघाजवळच पकड घेत. डिस्क-ब्रेकमध्यें घर्षण थोडें जरी उणें पडलें, तरी त्याची उणीव रस्त्यावर तात्काळ दिसून येते, तें याच कारणानें.

सायकल आणि स्वार मिळून ८० किलोग्रॅम वजन धरावें, आणि वेग ताशीं २५ किलोमीटर. मुरलेला ब्रेक व चांगला कोरडा रस्ता असेल तर ही सायकल सुमारें ५ मीटरांत थांबवितां येते. ब्रेकचा जोर याच्या दोनपंचमांशच मिळाला, तर तीच सायकल थांबावयास १२ मीटर घेते. मधलें अंतर सात मीटरांचें, म्हणजे दोन गाड्या शेजारून जाव्या इतक्या पक्क्या रस्त्याच्या रुंदीएवढें. आडव्या गल्लींतून एखादें पोर चेंडूमागें धांवत आलें असतां या सात मीटरांची किंमत काय, तें सांगावयास नको. आणि यांत मनुष्यास धोका दिसून त्याचा हात दांडीकडे जाईपर्यंतचा वेळ धरलेलाच नाहीं. तेवढ्या एका सेकंदांत सायकल आणखी सात मीटर पुढें जाते.

डिस्क-ब्रेकची कल्पना नवी आहे, असा पुष्कळांचा समज असतो. इंग्लंडांतील लँचेस्टर नांवाच्या मोटारकारागिरानें १९०२ सालींच तिचें पेटंट घेतलें होतें. १९५३ सालीं फ्रान्सांतील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जॅग्वारनें डिस्क-ब्रेकच्या गाड्यांनीं जिंकली, तेव्हांपासून मोटारवाल्यांचा तिच्यावर विश्वास बसला. सायकलवाले मात्र फार सावध! रस्त्यावरील शर्यतींत डिस्क-ब्रेक वापरण्यास आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनें कायमची परवानगी दिली ती १ जुलै २०१८ पासून. असो.

मुरविण्याच्या पूर्वीं तबकडी स्वच्छ करावी. औषधांच्या दुकानांत मिळणारें आयसोप्रोपिल अल्कोहोल कोऱ्या, धुतलेल्या फडक्यावर घेऊन तिच्या दोन्ही बाजू पुसाव्या. रॉकेल वापरूं नये, त्याचा तेलकट अंश मागें राहतो. करोनाच्या सांथीपासून घरोघर असलेलें हात धुण्याचें सॅनिटायझरही वापरूं नये, कारण हात मऊ राहावे म्हणून त्यांत बहुधा ग्लिसरीन घातलेलें असतें. अल्कोहोल न मिळाल्यास भांडीं घासण्याच्या साबणाचें कोमट पाणी व मागून पुष्कळ स्वच्छ पाणी, एवढ्यानेंही काम भागतें. एकदां पुसलेल्या तबकडीस बोट लावूं नये. बोटाच्या कातडीवरही तेल असतेंच. फिरून आल्याबरोबर तर मुळींच लावूं नये, कारण तेव्हां ती चटका देण्याइतकी तापलेली असूं शकते.

नंतर जागा निवडावी. शाळेचें मैदान उपयोगाचें नाहीं. मातीवर चाक घसरतें आणि ब्रेकवर जोर येत नाहीं. सपाट, कोरडा, रहदारी नसलेला डांबरी वा सिमेंटचा रस्ता हवा, आणि पहांटेची वेळ उत्तम. पुढचा ब्रेक कोणत्या हातीं आहे तें आधीं पाहून घ्यावें. आपल्याकडील सायकलींत तो बहुधा उजव्या हातीं असतो. दोन्ही ब्रेक निरनिराळे मुरवावे, म्हणजे कोणता किती सुधारला तें हातास कळतें.

आतां मुख्य क्रिया. सायकल ताशीं वीस किलोमीटरांच्या सुमारास वेगांत आणावी, पायटे मारणें थांबवावें, आणि एकाच ब्रेकची दांडी हळूहळू वाढत्या पण ठाम जोरानें दाबून वेग माणसाच्या चालीइतका उतरवावा. तेथें दांडी सोडावी. सायकल पूर्ण थांबवूं नये. पुनः वेग घ्यावा, पुनः उतरवावा. असें वीस वेळां करावें. मग वेग पंचवीस ते तीसपर्यंत वाढवून आणखी दहा वेळां. दुसऱ्या ब्रेकचेंही तसेंच. पहिल्या पांचसहा वेळां कांहीं फरक वाटत नाहीं व शिकाऊ माणूस कंटाळतो. पुढें पुढें दांडी तितकीच दाबून सायकल अधिक चटकन आवरते, असा स्पष्ट अनुभव येतो. शेवटीं तबकडी पाहिली तर तिच्या पट्ट्यावरची आरशासारखी चकाकी जाऊन एकसारखी करडी छटा आलेली दिसते.

पूर्ण थांबावयाचें नाहीं, या अटीचें कारण विचारण्यासारखें आहे. तापलेला पॅड स्थिर तबकडीवर दाबून धरला कीं त्या एका ठिकाणींच त्याच्या द्रव्याचा जाड ठसा उमटतो. पुढें चाकाच्या प्रत्येक फेऱ्यांत तो ठसा पॅडखालीं आला कीं दांडी थरथरते. चाक जाम करून सायकल घसरत नेणेंही तितकेंच व्यर्थ. कारण मग घासतो तो टायर, तबकडी जागच्या जागीं असते. पुढचा ब्रेक दाबतांना स्वारानें कोपर ताठ ठेवून बैठक किंचित मागें न्यावी. थांबतांना भार पुढच्या चाकावर जातो, म्हणूनच पुढचा ब्रेक अधिक काम करतो. आणि म्हणूनच तो एकदम खेचला तर स्वार हँडलावरून पुढें फेंकला जातो. ज्या घरांत मूल पहिल्यानेंच डिस्क-ब्रेक वापरीत असेल, तेथें ही क्रिया मोठ्या माणसानें आधीं करून मग सायकल त्याच्या हातीं द्यावी, हें बरें.

दरवेळीं किती उष्णता निघते? वर धरलेल्या वजनाची व ताशीं २५ किलोमीटर वेगाची सायकल थांबविली तर सुमारें १,९३० ज्यूल ऊर्जा उष्णतेंत बदलते. तबकडी १२० ग्रॅमची धरली आणि सर्व उष्णता तिच्यांतच राहिली, तर ती एका खेपेस तीस अंशांहून अधिक तापेल. वाऱ्यानें ती लागलीच निवूंही लागते, आणि दोन खेपांमधील वेग घेण्याचा अवधि याकरितां पुरेसा असतो. आतां घाटाचा हिशेब पाहावा. शंभर मीटर उंचीचा उतार उतरणें म्हणजे ७८,००० ज्यूलांहून अधिक, अर्थात् अशा चाळीस थांब्यांची ऊर्जा. वारा तींतला कांहीं भाग हिरावून घेतो. उरलेला भार ब्रेकवर पडतो. कोऱ्या ब्रेकनें घाट उतरूं गेल्यास घर्षण अपुरें, म्हणून स्वार दांडी सतत दाबून धरतो; त्यामुळें पॅड निवतच नाहीं, त्याचा पृष्ठभाग करपून कांचेसारखा गुळगुळीत होतो आणि उरलेलें घर्षणही जातें. नवी सायकल घेऊन पहिल्याच रविवारीं मित्रांसह घाटाकडे निघणाऱ्या मुलांना हें कोणी समजावून सांगत नाहीं. मुरलेला ब्रेकही उतारावर दाबून धरावयाचा नसतो; जोरानें वेग उतरवावा, सोडावा, पुनः उतरवावा.

करपलेला पॅड बारीक पॉलिशकागदावर सपाट घासून, तबकडी पुसून, सर्व क्रिया पुनः केली तर बहुधा ताळ्यावर येतो. तेल पिऊन बसलेल्या पॅडची गोष्ट निराळी. त्याचें अंग सच्छिद्र असतें. तेल आंत मुरतें आणि दर वेळीं तापलें कीं बाहेर येतें. त्यावर घासाघीस करण्यांत वेळ न दवडतां पॅड बदलावा, हेंच श्रेयस्कर. साखळीला तेल घालतांना तबकडीवर जुनें वर्तमानपत्र धरावें, आणि फवाऱ्याचें तेल तर सायकलीजवळ वापरूंच नये. त्याचे तुषार कोठवर जातात तें डोळ्यांस दिसत नाहीं.

स्वस्त सायकलींतील डिस्क-ब्रेक वायरचा असतो, आणि त्यांपैकीं पुष्कळांत बाहेरचा पॅडच तेवढा हालतो. तो तबकडीला किंचित वांकवून आंतल्या स्थिर पॅडवर टेकवितो. आंतला पॅड दूर राहिला असेल तर दांडीची सारी चाल तबकडी वांकविण्यांतच खर्च होते. म्हणून त्याचा स्क्रू फिरवून मध्यें पोस्टकार्डाच्या जाडीइतकीच फट ठेवावी. नवी वायर व तिचें आवरण थोड्या दिवसांत आपापल्या जागीं बसतें आणि दांडी सैल लागूं लागते. तेव्हां वायर ताणणें योग्यच आहे. चूक होते ती मुरविण्याच्या आधीं ताणण्यांत व मग मुरवावयाचेंच विसरण्यांत. तेलदाबाच्या ब्रेकला ही वायर नसते. मात्र त्यांत चाक काढलेलें असतां दांडी दाबूं नये, नाहीं तर दोन्ही पॅड एकमेकांस भिडून बसतात व चाक पुनः आंत जात नाहीं.

पावसांत भिजलेली तबकडी पहिल्या एकदोन फेऱ्यांत कमी लागते व ओरडते. पाणी पुसलें गेलें कीं आवाज थांबतो. काळ्या मातीचा चिखल मात्र धुऊनच काढावा, कारण त्यांतील कण पॅड लवकर झिजवितात. पॅडचें द्रव्य एक मिलिमीटराच्या आंत आलें कीं नवीन जोड घालावा. पुष्कळ तबकड्यांवर त्यांची किमान जाडी, बहुधा १.५ मिलिमीटर, कोरलेली असते. तीही त्याच वेळीं पाहावी. तबकडी जुनीच राहिली तरी पॅड कोरा असल्यानें वीस व दहा खेपांचा तोच क्रम पुनः एकदां पहांटेच्या रिकाम्या रस्त्यावर करावा लागतो.