संजूचा ट्रेड, जडेजाचा पगार आणि जालन्याचा विजय झोल : आयपीएलमध्ये खेळाडूचा भाव ठरतो तरी कसा?

कुंडलिका नदीच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवा जालना. आयपीएलचे सामने उन्हाळ्यात होतात, पण जुना जालन्यात गांधी चमनच्या आसपास चहाच्या टपरीवर आयपीएलचा खरा वाद रंगतो तो थंडीत. मैदानावर एकही चेंडू पडत नसतो, तरी कोणाला ठेवलं, कोणाला सोडलं, कोण किती कोटींना गेला, यावर चहाचे ग्लास रिकामे होत राहतात.

नोव्हेंबर २०२५ मध्ये या वादाला चांगलंच खाद्य मिळालं. संजू सॅमसन राजस्थान रॉयल्स सोडून चेन्नई सुपर किंग्जकडे गेला. बदल्यात चेन्नईनं रवींद्र जडेजा आणि सॅम करन असे दोघं राजस्थानला दिले. संजूचे १८ कोटी कायम राहिले. जडेजाचे मात्र १८ कोटींवरून १४ कोटी झाले. मग प्रश्न सुरू झाले. एकाच्या बदल्यात दोन कसे? जडेजानं चार कोटी सोडले तरी का? आणि खेळाडूला विचारतात तरी का, की थेट पाठवून देतात?

या प्रश्नांची उत्तरं समजून घ्यायला जालनेकरांना फार लांब जायची गरज नाही. कारण याच संजू सॅमसनचा एकेकाळचा कॅप्टन जालन्याचा होता.

कॅप्टन ३० लाख, व्हाईस कॅप्टन ४ कोटी

विजय झोल हे नाव महाराष्ट्राला कळलं ते २०११ मध्ये. १९ वर्षांखालच्या कूचबिहार ट्रॉफीत त्यानं महाराष्ट्राकडून आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा ठोकल्या. २०१२ मध्ये १९ वर्षांखालचा वर्ल्ड कप जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता. २०१४ च्या वर्ल्ड कपला तर तो कॅप्टन होता आणि संजू सॅमसन व्हाईस कॅप्टन. त्याच संघात श्रेयस अय्यर होता, कुलदीप यादव होता, सर्फराज खान होता. त्याआधी शारजात झालेल्या १९ वर्षांखालच्या आशिया कपच्या फायनलमध्ये पाकिस्तानविरुद्ध झोल आणि सॅमसन दोघांनीही शंभर धावा केल्या होत्या आणि भारत जिंकला होता.

फेब्रुवारी २०१४ मध्ये, वर्ल्ड कप सुरू व्हायच्या तोंडावर, बंगळुरूत आयपीएलचा मोठा लिलाव झाला. रॉयल चॅलेंजर्स बंगळुरूनं झोलला ३० लाखांना घेतलं. संजू मात्र लिलावात आलाच नाही. राजस्थाननं त्याला आधीच राखून ठेवलं होतं आणि त्यासाठी संघाच्या तिजोरीतून ४ कोटी वजा झाले होते.

कॅप्टन आणि व्हाईस कॅप्टनमध्ये एवढा फरक का? कारण संजू २०१३ चा आयपीएल मोसम खेळून बसला होता आणि टीव्हीवर सगळ्यांनी त्याला पाहिलं होतं. झोलच्या मोठ्या खेळी लांब पल्ल्याच्या सामन्यांमधल्या होत्या. आयपीएलच्या बाजारात वीस षटकांतला माल विकला जातो, ४५१ धावांना तिथं वेगळा भाव नसतो.

बंगळुरूच्या त्याच लिलावातली आणखी दोन नावं बघा. युवराज सिंग १४ कोटी. आणि हरियाणाचा एक लेगस्पिनर, युजवेंद्र चहल, फक्त १० लाख. म्हणजे त्या दिवशी झोलचा भाव चहलच्या तिप्पट होता. पुढं झोलला मोजकेच सामने मिळाले आणि तो आयपीएलमध्ये स्थिरावला नाही. चहल मात्र २०२५ च्या मोसमासाठी पंजाब किंग्जकडे १८ कोटींना गेला. पहिल्या लिलावातला भाव म्हणजे खेळाडूचं भविष्य नाही, हे यातून स्पष्ट दिसतं.

बेस प्राइस म्हणजे हमीभाव नाही

लिलावात नाव देताना खेळाडू आपली बेस प्राइस सांगतो. बोली तिथून सुरू होते. भारतासाठी न खेळलेल्या, म्हणजे अनकॅप्ड खेळाडूंसाठी सर्वात कमी बेस प्राइस पूर्वी २० लाख होती, २०२५ च्या मोसमापासून ती ३० लाख झाली.

अनेकांना वाटतं, नाव दिलं की किमान ३० लाख पक्के. तसं नाही. कोणी हात वर केला नाही, तर खेळाडू अनसोल्ड राहतो आणि एक रुपयाही मिळत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सौदी अरेबियातल्या जेद्दाहमध्ये झालेल्या मेगा लिलावासाठी १,५७४ खेळाडूंनी नावं नोंदवली होती. विकले गेले १८२. म्हणजे साधारण नऊ जणांमागे एक. संघांनी एकूण ६३९.१५ कोटी खर्च केले, पण हेडलाइन झाली ऋषभ पंतच्या २७ कोटींची. लखनौ सुपर जायंट्सनं मोजलेली ही रक्कम आयपीएल लिलावातली आतापर्यंतची सर्वात मोठी बोली.

आता भाव वर कसा जातो? मार्केट यार्डात मोसंबीचा लिलाव पाहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. आवक कमी आणि गिऱ्हाईक जास्त असलं की भाव चढतो. डिसेंबर २०२५ मध्ये अबू धाबीत झालेल्या लिलावात उत्तर प्रदेशच्या प्रशांत वीरला चेन्नईनं १४.२० कोटींना घेतलं. बेस प्राइस होती ३० लाख. तो डावखुरा फिरकी ऑलराउंडर आहे आणि चेन्नईचा डावखुरा फिरकी ऑलराउंडर, म्हणजे जडेजा, महिन्याभरापूर्वीच राजस्थानला गेला होता. संघातली जागा रिकामी, खिशात पैसे शिल्लक आणि तसा खेळाडू बाजारात दुर्मीळ. भाव असा तयार होतो.

तो उतरतोही तसाच. कोलकाता नाइट रायडर्सनं २३.७५ कोटींना घेतलेल्या वेंकटेश अय्यरला एका मोसमानंतर सोडून दिलं. अबू धाबीत बंगळुरूनं त्याला ७ कोटींना घेतलं. खेळाडू तोच, पण आता त्याच्यासाठी भांडणारे संघ वेगळे आणि त्यांच्या खिशातले पैसेही वेगळे.

सगळे कोटी खेळाडूच्या हातात पडतात का?

लिलावातली रक्कम ही एका मोसमाची फी असते. त्यातून कर कापला जातो. संघानं पुढच्या वर्षी ठेवलं तर करार पुढं चालतो, सोडलं तर खेळाडू पुन्हा बाजारात.

२०२५ पासून यात मॅच फीची भर पडली. प्रत्येक सामन्यासाठी साडेसात लाख, आणि ही रक्कम करारापेक्षा वेगळी. हिशेब करून बघा. ३० लाखांना गेलेला मुलगा साखळीतले १४ सामने खेळला, तर त्याला मॅच फीचे १ कोटी ५ लाख मिळतील. फी धरून एकूण १ कोटी ३५ लाख. पण तोच मुलगा पूर्ण मोसम बाकावर बसला, तर ३० लाखच. कोट्यवधींचा पगार असलेल्याला साडेसात लाखांनी फार फरक पडत नाही. सर्वात कमी भावाच्या खेळाडूसाठी मात्र अकरात जागा मिळणं म्हणजे पगार काही पटींनी वाढणं आहे.

परदेशी खेळाडूंसाठी आणखी एक नियम आहे. मोठा लिलाव टाळून छोट्या लिलावात यायचं आणि टंचाईचा फायदा घेऊन प्रचंड भाव मिळवायचा, ही युक्ती बंद करण्यासाठी तो आणला गेला. अबू धाबीत कॅमेरून ग्रीनसाठी कोलकात्यानं २५.२० कोटींची बोली लावली. संघाच्या तिजोरीतून तेवढे गेले, पण ग्रीनची फी १८ कोटींवर थांबली. वरचे ७.२० कोटी खेळाडूंच्या कल्याणासाठी बीसीसीआयकडे.

ट्रेडमध्ये नेमकं काय होतं?

लिलावाबाहेर खेळाडूची अदलाबदल करायला ट्रेड म्हणतात. ही प्रथा आयपीएलच्या दुसऱ्याच वर्षी सुरू झाली. २००९ मध्ये श्रीरामपूरचा झहीर खान बंगळुरूकडून मुंबईकडे आला आणि रॉबिन उथप्पा मुंबईहून बंगळुरूला गेला.

ट्रेड दोन प्रकारचे. खेळाडूच्या बदल्यात खेळाडू, किंवा निव्वळ पैशांवर. दोन्हीत दोन्ही संघांचा होकार लागतो आणि खेळाडूची संमतीही लागते. मोसम संपल्यावर महिन्याभरानं ट्रेडची खिडकी उघडते आणि लिलावाच्या आठवडाभर आधी बंद होते. लिलावानंतर ती पुन्हा उघडते, पण नुकताच लिलावात घेतलेला खेळाडू त्याच मोसमासाठी ट्रेड करता येत नाही.

या सगळ्याच्या मागं एक मोठी मर्यादा असते, ती म्हणजे पर्स. प्रत्येक संघाला खेळाडूंवर ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त खर्च करता येत नाही. २०२५ साठी ती १२० कोटी होती. त्यामुळे एक आत घ्यायचा तर दुसऱ्याला जागा करून द्यावी लागते. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबई इंडियन्सला गुजरात टायटन्सकडून हार्दिक पांड्या हवा होता. त्याची फी १५ कोटी. ती बसवण्यासाठी मुंबईनं १७.५ कोटींचा ग्रीन बंगळुरूला देऊन टाकला. पुढं हार्दिकला रोहित शर्माच्या जागी कॅप्टन केलं, तेव्हा चाहते इतके चिडले की २०२४ मध्ये वानखेडेवर घरच्याच कॅप्टनची हुर्यो उडाली. त्या वर्षी मुंबई दहापैकी दहावी आली. आकड्यांत जुळलेला सौदा चाहत्यांच्या मनात जुळतोच असं नाही.

सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तरही इथंच आहे. संजूच्या बदल्यात दोन खेळाडू का? फी बघा. एका बाजूला १८ कोटी. दुसऱ्या बाजूला जडेजाचे १४ आणि करनचे २.४०, म्हणजे १६.४० कोटी. जडेजाची फी कमी झाल्यामुळे राजस्थानला दोघंही संजूच्या पैशांत बसवता आले आणि वर थोडी रक्कम उरली.

जडेजाच्या बाबतीत यात आणखी एक गंमत आहे. २०१० मध्ये राजस्थानकडे असतानाच दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केली म्हणून त्याच्यावर वर्षभराची बंदी आली होती. ज्या संघातून स्वतःहून बाहेर पडायचा प्रयत्न केल्याबद्दल शिक्षा झाली, त्याच संघात तो पंधरा वर्षांनी रीतसर ट्रेड होऊन परतला.

मग खेळाडूच्या हातात काय उरतं?

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये हाच प्रश्न कोर्टापर्यंत गेला होता. तिथं करारातल्या एका कलमामुळे खेळाडू जवळपास आयुष्यभर एकाच क्लबच्या मालकीचा असायचा. १९६९ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सच्या कर्ट फ्लडला न विचारता फिलाडेल्फियाला ट्रेड केलं गेलं. त्यानं नकार दिला आणि खटला भरला. १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टात तो हरला. पण १९७५ च्या डिसेंबरमध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी दुसऱ्या दोन खेळाडूंच्या बाजूनं निकाल दिला आणि फ्री एजंटचा रस्ता उघडला. आज तिथं सहा वर्षांची सेवा झालेला खेळाडू करार संपल्यावर हव्या त्या संघाशी स्वतः भाव ठरवतो. डिसेंबर २०२४ मध्ये हुआन सोटोनं न्यूयॉर्क मेट्ससोबत १५ वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला तो असाच.

आयपीएलमध्ये असा फ्री एजंट नाही. राखून ठेवायला नकार देऊन लिलावात उतरणं, हा त्यातल्या त्यात जवळचा मार्ग. त्यातून भाव वाढू शकतो. २०१४ च्या झोलच्या संघातला श्रेयस अय्यर कोलकात्याला २०२४ चं विजेतेपद मिळवून देऊन लिलावात आला आणि पंजाबनं त्याला २६.७५ कोटींना घेतलं. पण कोणत्या संघाकडे जायचं, हे लिलावात खेळाडू ठरवत नाही, हातोडा ठरवतो. शिवाय विकला गेल्यावर योग्य कारणाशिवाय माघार घेतली, तर दोन मोसमांची बंदी. इंग्लंडच्या हॅरी ब्रूकवर २०२५ मध्ये ती आली.

याची दुसरी बाजूही आहे. बेसबॉलमध्ये खर्चाला पक्की मर्यादा नाही, मोठ्या शहरातले श्रीमंत क्लब जास्त कर भरून मोठे खेळाडू उचलतात. आयपीएलमध्ये सगळ्यांची पर्स सारखी, त्यामुळे कोणताही एक संघ सगळे तारे जमवू शकत नाही. स्पर्धा अटीतटीची होते ती यामुळे, आणि त्याची किंमत खेळाडू आपल्या निवडीच्या स्वातंत्र्यातून मोजतो.

जालन्याच्या मुलांसाठी याचा अर्थ काय?

पुण्याच्या ऋतुराज गायकवाडला चेन्नईनं २०१९ च्या मोसमाआधी २० लाखांना घेतलं होतं. त्या वर्षी तो एकही सामना खेळला नाही. २०२२ साठी त्याला ६ कोटींना राखलं, २०२५ साठी १८ कोटींना. धाराशिवच्या तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर १९ वर्षांखालचा वर्ल्ड कप जिंकून आला आणि २०२२ मध्ये चेन्नईनंच त्याला थेट दीड कोटींना घेतलं. दोघांची सुरुवात एकाच संघात झाली, पहिला भाव हंगरगेकरचा मोठा होता, आणि कॅप्टन झाला तो २० लाखांचा ऋतुराज.

२०२३ पासून महाराष्ट्र प्रीमियर लीगही सुरू झाली, त्यात २०२३ मध्ये छत्रपती संभाजी किंग्ज हा आपल्या भागाचा संघ होता. जालन्यातल्या मुलाला निवडकर्त्यांसमोर वीस षटकांचा खेळ दाखवायला ही एक पायरी आज आहे. त्या पायरीवर चढणाऱ्या मुलानं आणि त्याच्या घरच्यांनी २७ कोटींचा आकडा डोळ्यांसमोर ठेवण्यापेक्षा नऊमागे एक आणि साडेसात लाख हे दोन आकडे लक्षात ठेवलेले बरे. पहिला आकडा लिलावात विकलं जाणं किती अवघड आहे ते सांगतो. दुसरा सांगतो, की विकलं गेल्यावरही खरी कमाई अकरात जागा मिळवल्यावरच सुरू होते.