माणुसकीची नोंद कोणत्या वहीत?



आपल्या कारखान्यात प्रत्येक गोष्टीची नोंद होते. गाडी काट्यावर चढली की वजनाची पावती निघते, प्रयोगशाळेत उतारा निघतो, तोडणी-वाहतुकीचा हिशोब पैशापर्यंत लागतो. पण एक गोष्ट रोज आपल्या फडात आणि गाडीतळावर घडते, तिची पावती कुणी फाडत नाही. ती म्हणजे कुणाला न सांगता केलेला चांगुलपणा.

मागे एका हंगामात आम्ही पहाटे गाडीतळावर गेलो होतो. थंडी मी म्हणत होती. रांगेतला एक गाडीवान अंगावरची घोंगडी काढून बैलाच्या पाठीवर टाकत होता. बैलाचा खांदा सुजला होता. आम्ही विचारलं, "मामा, तुम्हाला थंडी वाजत नाही व्हय?" तो हसून म्हणाला, "मला बोलता येतंय, सायेब. त्याला कुठं येतंय?" एवढं बोलून तो वाढ्याची पेंढी सोडायला गेला.

मुकी जनावरंही यात मागं नाहीत. रात्रीची खेप खाली करून थकलेला गाडीवान रिकाम्या गाडीतच झोपतो, आणि बैल त्याला वाट न चुकता कोपीपर्यंत आणून उभे राहतात. कुणी म्हणेल, ही नुसती सवय. असेल. पण त्या सवयीच्या भरवशावर एक माणूस निर्धास्त झोपतो, हे काय थोडं झालं?

आपल्या भागाला ही गोष्ट नवी नाही. येडशीजवळच्या रामलिंगाला आपण श्रावणात जातो. तिथं जटायूची समाधी दाखवतात. सीतामाईला नेणाऱ्या रावणाला एक म्हातारा पक्षी आडवा आला. आपलं बळ किती, हे त्याला ठाऊक होतं. तरी तो मागं सरला नाही. घायाळ जटायूला पाणी पाजण्यासाठी रामानं बाण मारून तिथं झरा काढला, असं जुनी माणसं सांगतात. हरलेल्या पाखराची आठवण आपल्या लोकांनी राखली, ही ध्यानात घेण्यासारखी गोष्ट आहे.

आजचं उदाहरण घ्या. वाशी, भूम, कळंब या भागांतून कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन लांब तोडीला जातात. पुणे जिल्ह्यात जुन्नर, आंबेगावकडे तोडणी चालू असताना उसात बिबट्याची पिल्लं सापडतात. त्या भागात बिबट्यानं माणसं मारली आहेत, भीती काही खोटी नाही. तरीही पुष्कळ वेळा मजूर कोयता थांबवतात आणि वनखात्याला निरोप जातो. खात्याची माणसं पिल्लं तपासून त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात. अंधार पडला की मादी येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. कॅमेऱ्यानं हे कित्येकदा टिपलं आहे.

आता हिशोब पाहा. तोडणीची मजुरी टनावर असते. कोयता थांबला की मजुरीही थांबली. मुकादमाची उचल मात्र डोक्यावर तशीच. म्हणजे हा चांगुलपणा फुकटचा नाही. ज्याच्याजवळ सगळ्यांत कमी आहे त्यानं आपल्या पदरचं घालून केलेला आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला. त्याच्या मदतीचे आकडे सरकारी दप्तरात सापडतील. पण ज्या मायमाउल्यांनी चुलीपुढं बसून भाकरी थापल्या आणि फडक्यात बांधून परक्या गावाला पाठवल्या, त्यांची यादी कुणाजवळच नाही. त्यांनी ती मागितलीही नाही.

तेव्हा सभासदांना आमची विनंती आहे. आपल्या फडात टोळी उतरली की बांधावर पाण्याचा रांजण भरून ठेवा. लेकराची झोळी बांधायला सावलीची जागा दाखवा. बैलाचा खांदा पाहून गाडी भरू द्या. चार मोळ्या दुसऱ्या खेपेला गेल्या तरी बिघडत नाही. उसात एखादं पिल्लू किंवा घरटं निघालं आणि काम घटकाभर थांबलं, तर त्या वेळेची खोट मजुराच्या माथी मारू नका.

आणि आपण डोळ्यांनी पाहिलेली अशी एखादी गोष्ट चार ओळींत लिहून आपल्या चिटबॉयजवळ द्या. ती आम्ही पुढच्या अंकात छापू. करणाराचं नाव मात्र घालू नका. ज्यानं गुपचूप केलं, त्याला ते आवडायचं नाही.