दया येते, क्षमा करावी लागते
शब्दांचे शेजार : लेखांक ११

दया येते. कीव येते, कणव येते, कळवळा येतो. या गोष्टी आपल्याकडे आपणहून चालत येतात, त्यांना कुणी बोलावलेले नसते. क्षमा मात्र येत नाही. ‘मला त्याची क्षमा आली’ असे मराठी माणूस झोपेतही बोलणार नाही. क्षमा करावी लागते. माफी तर पुरती व्यवहारी : ती मागायची, द्यायची, मिळवायची आणि हल्ली अर्थसंकल्पात जाहीरही करायची. गेल्या आठवड्यात आपण राग आणि रुसवा यांच्यातले अंतर पाहिले. राग उतरल्यावर जे शब्द कामाला येतात ते आज घेऊ, आणि त्यासाठी भीमेच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या शिरूर आणि दौंड तालुक्यांत जाऊ. या शब्दांनी तिथे बरेच काही पाहिले आहे.

आधी ‘येणारे’ शब्द. दयेला उंचीचा फरक लागतो. देणारा वर, घेणारा खाली. ही उंची थोडी वाढली आणि तिच्यात तुच्छता मिसळली की कीव होते. म्हणून ‘तुझ्या बुद्धीची कीव येते’ ही सरळसरळ शिवी आहे. कळवळ्याला उंची लागत नाही, जवळीक लागते. तो पोटातून येतो, आपल्या माणसाविषयी येतो. ज्याचा आपल्याशी काही संबंध नाही त्याच्यासाठी कुणी फार बोलू लागला, की गावात लगेच विचारतात, ‘तुला रे एवढा कशाचा कळवळा?’ निवडणुकीच्या दिवसांत हा प्रश्न जास्त ऐकू येतो.

करुणेची गंमत वेगळी. आपण करुणा ‘भाकतो’. म्हणजे ती देणाऱ्याच्या मनात असण्याआधी मागणाऱ्याच्या तोंडी असते. रामदासांच्या करुणाष्टकांत बोलतो आहे तो मागणारा, खाली उभा राहून वर पाहणारा. पण याच शब्दाला मराठीत दुसरे घर आहे. शिरूर तालुक्यातल्या कोरेगाव भीमाजवळ डॉ. आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी जयस्तंभाला अभिवादन करायला आले होते. आज १ जानेवारीला तिथे जमणाऱ्या बहुसंख्य लोकांच्या कानांवर करुणा हा शब्द प्रज्ञा, शील आणि मैत्री यांच्या संगतीत पडलेला असतो. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी करुणा आणि मैत्री वेगळ्या केल्या आहेत : करुणा माणसांपुरती, मैत्री सर्व प्राणिमात्रांपर्यंत. या करुणेत भाकणारा कुणी नाही. माणसाने माणसाकडे समोरासमोर पाहिले की पुरते. शब्द तोच, पण उभे राहण्याची जागा बदलली आणि अर्थ बदलला.

कृपेसाठी केडगावला जावे लागते. दौंड तालुक्यातल्या या गावी पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणले. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतातून अनाथ मुली आणि विधवा घेऊन आल्या, तेव्हा केडगावचे शेत हे त्यांचे घर झाले. पुढे तिथे निरनिराळी सदने उभी राहिली, आणि समाजाने ‘पतित’ ठरवून बाहेर टाकलेल्या बायकांसाठी जे होते त्याचे नाव ‘कृपासदन’. वृद्ध आणि दुबळ्यांसाठीचे ‘प्रीतिसदन’.

दयासदन का नाही, क्षमासदन का नाही? याचे कारण रमाबाईंनी कुठे लिहून ठेवले असेल तर माझ्या वाचनात नाही, पण शब्दांना कान असलेल्या बाईने हे नाव उगाच दिले नसणार. क्षमा म्हटले की आधी अपराध मान्य करावा लागतो. दया म्हटले की आत येणारीने रोज मान खाली घालून वावरायचे. कृपेच्या दारात चौकशी नसते. ती लायकी पाहत नाही आणि मागचा हिशोब काढत नाही. वारकरी याच अर्थाने गुरुकृपा म्हणतो आणि मराठी ख्रिस्ती माणूसही याच अर्थाने देवाची कृपा म्हणतो. रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली. ते काम उरकून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या केडगावातच वारल्या. त्यांच्या टेबलावर दया, कृपा आणि क्षमा या तीन शब्दांनी किती वेळा वाट अडवली असेल!

कृपेला चौकशी नको, हे लोकांनाही नेमके ठाऊक असते. रांजणगावच्या महागणपतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ‘गणेशकृपा’, ‘साईकृपा’, ‘मातृकृपा’ अशा पाट्या हव्या तितक्या वाचा. ‘गणेशदया’ नावाचे हॉटेल कुणी काढलेले नाही.

आता क्षमा. दया कुणीही वाटसरू करू शकतो, पण क्षमा ज्याचे नुकसान झाले त्यानेच करायची. म्हणून फाशीच्या कैद्याचे प्रकरण भाषेच्या दृष्टीने अवघड आहे. तो करतो तो अर्ज दयेचा, आणि संविधानाच्या अनुच्छेद ७२ने राष्ट्रपतींना दिलेला अधिकार क्षमेचा. ज्याचा माणूस मारला गेला तो या व्यवहारात कुठेच नाही. घरगुती मराठीला क्षमा हा शब्द जडच जातो. तिथे अपराध ‘पोटात घालतात’, चूक ‘पदरात घेतात’. चूक झाली हे विसरलेले नसते, फक्त ती बाहेर काढायची नाही असे ठरलेले असते.

गय हा शब्द बहुतेक नकारातच जगतो. ‘कुणाचीही गय केली जाणार नाही’ हे वाक्य प्रत्येक पालकमंत्र्याने उच्चारलेले आहे; ‘आम्ही अमक्याची गय केली’ असे निवेदन आजवर कुणी काढलेले नाही. दिलगिरीही अशीच चतुर. दौंड जंक्शनवर गाडी उशिरा येते तेव्हा रेल्वे दिलगीर असते, माफी मागत नाही. विधानसभेत विरोधक माफीसाठी अडून बसतात आणि मंत्री दिलगिरीवर सुटतात, कारण दिलगिरीत वाईट वाटते पण दोष येत नाही.

माफीवर मात्र थांबायला हवे. हा शब्द अरबी-फारसीतून आला तो ‘सूट मिळालेला, मोकळा’ असा अर्थ घेऊन. महसुलाच्या भाषेत सारा माफ व्हायचा, शाळेत फी माफ होते. यात कुणाचा अपराध नाही. पण बोलण्यात माफीला गुन्ह्याचा वास चिकटला. खून माफ, शिक्षा माफ. कोर्टात गुन्ह्यातला साथीदार सगळे खरे सांगून सुटला तर तो ‘माफीचा साक्षीदार’. एकाच शब्दाची ही दोन तोंडे कर्जाच्या प्रश्नात समोरासमोर आली.

याची सुरुवात याच मुलखातली. १८७४च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात काळूराम नावाच्या सावकाराने देशमुखांच्या घरावर हुकूमनामा आणला आणि गावाने सावकाराला वाळीत टाकले. त्याच्याकडे कुणी कामाला जाईना, पाणी भरीना, हजामत करीना. १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात सावकारांविरुद्ध दंग्याची आग भडकली. या दंग्यांत जमावाला हवे होते ते कर्जरोखे आणि वह्या. सावकाराने ते मुकाट दिले तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला हात लागला नाही. या माणसांनी करुणा भाकली नव्हती, माफीही मागितली नव्हती. हिशोबच खोटा आहे असे त्यांचे म्हणणे होते. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. त्या कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन कर्जाचा मूळ इतिहास तपासता येऊ लागला. त्यात माफी नव्हती, हिशोबाची फेरतपासणी होती.

शंभर वर्षांनी शेतकरी संघटनेने हाच मुद्दा शब्दात पकडला. शरद जोशींचे म्हणणे असे, की सरकारी धोरणांनी शेतमालाचे भाव पाडले म्हणून कर्ज झाले. मग शेतकरी गुन्हेगार कसा? माफी नको, कर्जमुक्ती म्हणा. मला हा आग्रह पटतो, जरी ‘सारा माफ’मधला निर्मळ जुना अर्थ त्यात हरवतो. सरकारनेही हळूहळू ऐकले. २०१७च्या योजनेच्या नावात ‘सन्मान’ आला आणि २०१९च्या योजनेच्या नावात ‘कर्जमुक्ती’. गावच्या विकास सोसायटीत मात्र आजही विचारतात, ‘माफीत बसला का रं?’

आणि जो बसला नाही, ज्याने वेळेवर फेडले, त्याच्यासाठी भाषेत नावच नव्हते. २०१९च्या योजनेत अशा नियमित कर्जदारांना ५० हजार रुपयांपर्यंत रक्कम ठरली. तिला सरकारने ‘प्रोत्साहनपर लाभ’ म्हटले. पारावर मात्र एकच वाक्य चालत होते : ‘आम्ही फेडलं, हाच आमचा गुन्हा झाला.’

(पुढील लेखांक : उपकार, ऋण आणि उसनवारी)